विहीणबाईंनी पाठवलेला पाहुणा

मुंबईच्या उपनगरांत हवेतून जेवढे म्हणून आवाज इकडून तिकडे जातात, त्यातले निम्मे आमच्या विहीणबाईंनी आधी स्वयंपाकघरात बसवून, पोहे खायला घालून, तपासून पाठवलेले असतात. हे मी पैजेवर सांगतो. मी आजवर एकही पैज जिंकलेलो नाही, तेही सांगून ठेवतो. रेडिओवर मुलाखत लागते बघा, कुणी आजीबाई काहीतरी सांगतायत, कुणी म्हातारा हसतोय, ती माणसं तिथे आपोआप येतात असं मला कित्येक वर्षं वाटायचं. नळ सोडला की पाणी, तसं रेडिओ लावला की पाहुणा. पॉडकास्ट म्हणजे काय ते तर जावयाने मला तीनदा समजावलं, आणि मला एवढंच कळलं की तो रेडिओच, फक्त वेळ पाळत नाही. पण त्यालाही दर आठवड्याला एक माणूस लागतो. आणि तो माणूस शोधून, त्याला तयार करून, तिथल्या पोरांना फोन करून ‘असा असा एक जण आहे, त्याला बोलवा’ हे कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणाऱ्या म्हणजे आमच्या विहीणबाई, माझ्या पोरीच्या सासूबाई. त्यांना या कामावर कोणी नेमलेलं नाही. कोणी काढूही शकत नाही, ते त्यामुळेच.

रिटायर व्हायच्या आधी त्या एका कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायच्या आणि सुट्टीच्या दिवशी समाजाच्या वधूवर मेळाव्यात माइकवर असायच्या. स्टेजवर पोरगा नाहीतर पोरगी उभी करायची आणि तीन वाक्यांत ओळख करून द्यायची. बाकीचे लोक ‘मुलगा मनमिळाऊ, निर्व्यसनी, सुस्वभावी’ असं वाचायचे आणि खाली सगळे वडे खात बसायचे. विहीणबाई म्हणायच्या, “हा मुलगा उत्तर उशिरा देतो. पण दिलं की बदलत नाही. आईला डबा हाच करून देतो.” की लगेच चार बाया वडा खाली ठेवून मान वर करायच्या. तीच तीन वाक्यांची सवय त्यांनी पुढे रेडिओकडे नेली. त्यांचा नियम एकच. “खोटं एक अक्षर नाही. खरं कुठून सुरू करायचं, तेवढंच आपल्या हातात.”

आमची ओळखही अशीच झाली. माझ्या पोरीने लग्न स्वतःचं स्वतः ठरवलं. आम्ही मालवणकडचे, ते अकोल्याकडचे. आमच्या घरात देवाला गाऱ्हाणं, त्यांच्या घरात बुद्धवंदना. पहिल्या भेटीत दोन्हीकडचे इतके जपून बोलत होते की चहावर साय धरली. माझी मिसेस तर तीन वेळा ‘छान आहे हो खिडकी’ असं म्हणाली. तेवढ्यात विहीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही मिक्सर दुरुस्त करता ना? मग सांगा. आमचा मिक्सर सुरू केला की आधी दोन सेकंद रडतो, मग फिरतो. का?” मी म्हटलं, “बुश सुकलंय. तेलाचे दोन थेंब घाला, बंद होईल रडणं.” त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं माझंच लग्न ठरतंय. प्रत्यक्ष लग्नात मात्र आयत्या वेळी त्या गायब. घरच्यांचा फोटो काढायचा तर मुलाची आईच नाही! शोधलं तर स्टेजच्या मागे. मांडववाल्याला खुर्चीवर बसवून विचारत होत्या, “एकही खिळा न मारता हे सगळं उभं राहतं कसं? आणि रात्रभर झोप लागते का तुम्हाला?” त्या फोटोत माझ्या शेजारी रिकामी जागा आहे. ती विहीणबाई. मांडववाला पुढच्या महिन्यात रेडिओवर होता.

त्यांची पाहुणा तपासायची पद्धत ऐका. घाटकोपरला त्यांचं घर, तिथे माणसाला बोलवायचं आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसवायचं. त्यांचे मिस्टर पोहे करतात. फार शांत माणूस, जन्मभर बायकोचं ऐकून ऐकून कान तयार झालेला. गॅसवर कुकर चढवलेला असतो. माणूस बोलायला लागला की मध्येच शिट्टी होते. शिट्टीवर जो आवाज चढवतो तो नापास. जो बोलायचंच विसरतो तोही नापास. जो शिट्टीपुरता थांबतो आणि मग बरोबर त्याच शब्दावर पुन्हा चढतो, तो पास. “स्टुडिओत कोणीही मध्ये बोलतं, व्याही,” त्या मला म्हणाल्या, “ज्याला कुकरची शिट्टी झेपली त्याला रेडिओवाला झेपतो.”

आणि पास झालेला माणूस कुठेही पाठवायचा नाही. ज्या कार्यक्रमाला पाठवायचा तो आधी महिनाभर ऐकायचा. त्यांच्या वहीत प्रत्येक कार्यक्रमवाल्याचं पान आहे. ‘हा मुलगा प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देतो, याला गप्प माणूस द्यायचा नाही, नाहीतर हा एकटाच बोलत राहील.’ ‘ही मुलगी मनापासून हसते, हिला रडवणारी माणसं द्या, सांभाळून घेईल.’ मग ओट्याजवळच्या खिडकीत उभं राहून बरोबर चाळीस सेकंदांचा निरोप फोनवर बोलून पाठवायचा. एकदा त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या जावयाने, हौसेने इंग्रजीत झकास पत्र लिहून दिलं. विहीणबाईंनी ते वाचून घेतलं आणि विचारलं, “हा कोण म्हणे प्रेरणादायी व्यक्तिमत्त्व? मी तर विहिरी साफ करणाऱ्या म्हाताऱ्याला पाठवतेय.”

मढच्या कोळीणबाईचं तर मी स्वतः ऐकलंय. खाण्यापिण्याचा एक पॉडकास्ट होता, त्यांना मोठ्या हॉटेलातला शेफ पाहिजे होता. विहीणबाईंचा निरोप गेला, “वय सत्तरच्या पुढे. शाळा नाही. भांडते. समुद्राकडे पाठ करून भरती ओळखते. एक प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा.” त्या पोराने गप्प बसायचं सोडून माशांमधल्या पोषणावर स्वतःच सुरू केलं. म्हातारीने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि माइकवरच म्हणाली, “तू म्हावरा खातंस का निस्ता बोलतंस?” तो भाग इतका चालला, म्हणतात, की त्या पोराने तेव्हापासून बोलणं अर्ध्यावर आणलं. याउलट आमच्याकडच्या एका बिल्डरचा पुतण्या स्वतःहून आला होता, यशोगाथा घेऊन. पोहे दोन प्लेट खाल्ले, शिट्टी पण झेपली. तरी विहीणबाईंनी हात जोडले. “तुम्हाला पाहुणा व्हायचं नाही,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला यजमान व्हायचंय.”

आता या सगळ्यात मी कुठे? मी दोन वर्षं रांगेत होतो. तोंडाने नाही सांगायचो, पण त्यांच्याकडे गेलो की उगाच घसा खाकरायचो. रेडिओ लागला असेल तर ‘या माणसाचा आवाज बरा आहे, पण आमच्या साइडला अजून बरे आवाज आहेत’ असं भिंतीला सांगायचो. विहीणबाई म्हणायच्या, “व्याही, तुम्ही अजून पिकला नाहीत.” मी साठीचा माणूस, केस पिकले, दात पिकून पडले, अजून काय पिकायचं? शेवटी एकदा मला त्यांनी स्टुलावर बसवलंच. मी माझं सुरू केलं, मिक्सर कसा हातात न घेता नुसत्या आवाजावरून ओळखायचा, आणि कुकरची शिट्टी झाली. मी बोलणं सोडून उठलो आणि कुकरपाशी गेलो. “गॅस्केट गेलंय,” मी म्हटलं, “वाफ बाजूने येतेय.” मग आठवलं की आपली परीक्षा चालू आहे. वाट लागली! पण विहीणबाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. “पास,” त्या म्हणाल्या. “उठलात म्हणून पास.”

अंधेरीच्या एका स्टेशनवर रविवारी सकाळी हाताने काम करणाऱ्या माणसांचा कार्यक्रम लागायचा. जे बोलाल ते त्याच क्षणी घराघरांत, मागे घ्यायची सोय नाही. तिथली मुलगी विहीणबाईंचा पाहुणा डोळे मिटून घ्यायची. “मावशी, तुमचा शब्द आहे ना, मग मी बघत पण नाही,” असं म्हणायची. विहीणबाईंची सगळी कमाई म्हणाल तर ती एवढीच. मला दाराशी सोडताना त्या म्हणाल्या, “व्याही, वेगळं काही करू नका. दुकानात बोलता तसं बोला. माझा शब्द तुमच्या खिशात आहे.” मी लग्नातला सफारी घातला होता, त्याला खिसे चार. कुठल्या खिशात ठेवला काय माहीत.

आत गेलो. थंडगार खोली, कानावर ते जाडे हेडफोन. माझाच श्वास मला ऐकू यायला लागला, म्हणजे म्हैस पोहतेय असं वाटलं. मुलीने विहीणबाईंचा निरोप कागदावर उतरवून घेतला होता, तो वाचायला घेतला. “आजचे आपले काका घाटकोपरला मिक्सर दुरुस्त करतात. मिक्सर हातात न घेता आवाजावरून रोग सांगतात. त्यांचं शिक्षण…”

पुढे काय लिहिलंय ते मला माहीत होतं. चौथी. दुकानात मी दिवसातून दहा वेळा सांगतो, मी चौथी नापास, माझ्याकडून पावती लिहून घेऊ नका. लोक हसतात, मी हसतो. पण तिथे त्या थंड खोलीत कोणी हसत नव्हतं. काचेपलीकडे दोन पोरं हेडफोन कानाला लावून बसली होती. मी तिचं वाक्य तोडलं आणि म्हणालो, “पवईला. इंजिनियरिंग.”

मुलगी कागदाकडे बघते, माझ्याकडे बघते. “काका, पवईला? म्हणजे त्या कॉलेजात?”

“चार वर्षं होतो,” मी म्हटलं. होतोच. तिथल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये बटाटे सोलायला. मिक्सरचं कामही मी तिथेच शिकलो, त्यांचं वाटणाचं मशीन बंद पडायचं त्यावर. त्यामुळे मला तिथल्या इमारती, झाडं, तळं सगळं तोंडपाठ. खोटं असं घडी घालून तयार, फक्त अंगावर चढवायचं. “डिग्री घेतली,” मी म्हटलं, “पण मन रमेना. मग ठरवलं, लोकांचे मिक्सर बघायचे.” मुलीला एकदम भरून आलं. मुलुंडच्या एका बाईंचा फोन लागला, त्यांनी फोनवरच मिक्सर चालवून दाखवला, मी सांगितलं की कार्बन झिजलेत आणि जारचं पातं उलटं बसवलंय, आणि ते तंतोतंत निघालं. माझ्या आयुष्यात मी एवढी एकच विद्या कमावली, ती तिथे खरी ठरली, पण तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सगळे त्या इंजिनियरच्या मागे.

मी बाहेर आलो तो हवेत. घाटकोपरला नाक्यावरचा पानवाला म्हणाला, “क्या बात है, इंजिनियर साहेब!” घरी मिसेस दारातच उभी. “तुमका कोणी सांगितल्यान इंजिनियर होऊक?” ती म्हणाली. “आपल्या लग्नाच्या पत्रिकेत तुमचां नाव चुकीचां छापलेलां, तां तुमका वाचूक येयना, नि म्हणे डिग्री!” पोरगी फोनवर फक्त म्हणाली, “बाबा, आमच्या सासूबाईंनी पण ऐकलंय.” आणि ठेवला.

विहीणबाईंचा फोन आला नाही. सोमवारी माझ्या मुलाखतीचा तुकडा, मागे बासरी लावून, सगळ्यांच्या मोबाइलवर फिरायला लागला. जावई सांगत होता, ‘आईचा फोन सकाळपासून वाजतोय.’ ज्या लोकांना विहीणबाई महिनोन्‌महिने फोन करायच्या तेच आता त्यांना शोधत होते, पाच ठिकाणचे. त्यात पवईचा एक मोठा पॉडकास्ट, ज्यांनी दोन वर्षांत त्यांचा एकही निरोप उघडला नव्हता, त्यांनी तीनदा फोन केला. सगळ्यांना इंजिनियर मिक्सरवाला पाहिजे. मी मनात म्हटलं, चला, झालं ते बऱ्यासाठी झालं, विहीणबाईंचं नाव तर झालं!

मंगळवारी त्या दुकानात आल्या. पंखा घेऊन एक गिऱ्हाईक उभं होतं, ते जाईपर्यंत बोलल्या नाहीत. मग स्टूल ओढून बसल्या. मी म्हटलं, “विहीणबाई, चहा सांगू?”

“शाळेची लाज वाटते तुम्हाला?”

“मला कुठली?” मी म्हटलं. “शाळेलाच माझी वाटायची.”

माझ्या या जोकवर आजवर हसला नाही असा माणूस नाही. त्या हसल्या नाहीत. मी पाना उचलला, खाली ठेवला. “राहू द्या ना,” मी म्हटलं. “कोण बघायला जातंय पवईला?”

“कोणी नाही जात. पण मला माहीत आहे ना,” त्या म्हणाल्या. चष्मा लावला, वही उघडली आणि माझ्यासमोर बसून एकेक फोन लावायला सुरुवात केली. मला वाटलं, आता माझी पाच वेळा विल्हेवाट लागणार. ‘आमच्या व्याह्यांनी फसवलं’ म्हणतील, आणि म्हणायलाच पाहिजे. पण त्या म्हणाल्या ते मला अजून पाठ आहे, आणि मला दुसरं काही पाठ होत नाही. “नमस्कार. रविवारच्या मिक्सरवाल्या पाहुण्याबद्दल बोलतेय. ते इंजिनियर नाहीत. चौथीत शाळा सुटली. पवईला मेसमध्ये कामाला होते. ते तसं का बोलले? कारण मी त्यांना एक प्रश्न विचारायची राहिले, की शाळेचा विषय निघाला तर तुम्हाला चालेल का? तो विचारणं माझं काम होतं. मी विचारला नाही. चूक माझी आहे.”

एक, दोन, तीन. प्रत्येक वेळी तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पाचवा फोन पवईचा. तिकडचं पोरगं मोठ्याने बोलत होतं, मला सगळं ऐकू येत होतं. “अहो ताई, टेन्शन नका घेऊ! आपण ‘पवईशी जुनं नातं’ असं काहीतरी लिहू ना. स्टोरी भारी आहे यार!”

विहीणबाईंनी वहीतलं पवईवाल्यांचं पान काढलं. दोन वर्षं ज्या दारावर टकटक केली ते उघडलेलं होतं, फक्त पाय आत टाकायचा होता. मला वाटलं, टाका हो, टाका, माझी काही हरकत नाही! त्या म्हणाल्या, “मेसमध्ये बटाटे सोलता सोलता मशीन शिकलेला माणूस आहे. तो हवा असेल तर उद्या पाठवते.”

“नाही, मग त्यात काय विशेष?” पोरगं म्हणालं, आणि ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवला.

त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आता सांगा चहा.” चहा आला तो मी प्यायलो, पण चव विचाराल तर आठवत नाही.

विहीणबाईंनी अंधेरीलाही खरं कळवलं, आणि तिथल्या मुलीने पुढच्या रविवारी मला पाच मिनिटं दिली. यावेळी सफारी नाही, दुकानातला शर्ट. मी बोललो, “मी चौथी नापास. पवईला होतो तो बटाटे सोलायला. मागच्या वेळी मी खोटं बोललो. मला पाठवणाऱ्या बाईंनी खरं सांगितलं होतं, तुम्ही वाचताना मीच तोडलं.” आणि मग त्या खोलीत जी शांतता झाली! मला वाटलं, अख्ख्या मुंबईने रेडिओ बंद केला. तेवढ्यात एका आजोबांचा फोन आला. “दिवसाला किती बटाटे सोलायचात हो?” मी म्हटलं, “दोन गोणी.” “सुरीने?” “सुरीने कोण सोलतो आजोबा, करवंटीच्या तुकड्याने, साल पातळ निघते.” त्यावरून जे सुरू झालं ते पाच मिनिटांचं पंचवीस मिनिटं चाललं, शाळा का सुटली तेही त्यात निघालं, आणि मी ते न हसता सांगितलं. ते मला जमतं हे मलाच माहीत नव्हतं. त्या दिवशीच्या तुकड्याला मात्र कोणी बासरी लावली नाही.

तर असं झालं. अंधेरीची मुलगी अजून विहीणबाईंचा पाहुणा घेते, फक्त आता निरोप आल्यावर दोन प्रश्न विचारते. आधी विचारत नव्हती. बाकी चार जण ‘कळवतो’ म्हणाले ते अजून कळवतायत, आणि पवईवाल्यांनी पुन्हा निरोप उघडले नाहीत. विहीणबाई मला यावर एका शब्दाने बोललेल्या नाहीत. त्यांचं काम चालूच आहे. परवा त्यांनी एक बाई शोधलीय जी तीस वर्षं लोकांचे पडदे शिवते आणि खिडकी बघून घर सुखी आहे का ते सांगते. रोज सकाळी ओट्याजवळ उभं राहून चाळीस सेकंद बोलतात, निरोप पाठवतात आणि फोन समोर ठेवून भाजी निवडत बसतात. पोहे होतात, कुकर होतो, पाहुणे येतात, पास होतात. घर मजेत आहे. फोन मात्र पूर्वीसारखा वाजत नाही.

म्हणून मी करतो. साधारण अकराला, दुकानात गिऱ्हाईक नसलं की. निमित्त काहीही काढतो, नातवाची सर्दी कशी आहे, मिक्सर रडतोय का. फोन दुसऱ्या रिंगच्या आत उचलला जातो. त्या नंबर बघत नाहीत, चष्मा लावायला वेळ जाईल म्हणून. “हां, बोला!” असा टेलिफोनच्या बोर्डावरचा खणखणीत आवाज येतो, की समोर कोणीही असेल त्याला वाटावं आपलीच वाट बघत होत्या. मी म्हणतो, “मी हो, व्याही.” मग एक छोटी जागा रिकामी जाते. फार नाही, कुकरच्या शिट्टीपेक्षाही लहान. आणि मग त्या त्याच आवाजात, जराही खाली न उतरता, म्हणतात, “बोला व्याही, बोला.”